जावईबापूंचं ‘कळलंय’

रिकाम्या माणसाला काम लावता येतं. पण रिकामा असून दिवसभर घाम गाळणारा माणूस असला तर त्याचं काय करायचं, हे आमच्या तळवड्याच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं नाही. शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीत असेल कदाचित तो धडा.

असा एक माणूस माझ्या घरातच आहे. घराच्या वर म्हणा. सुजितराव. माझ्या नातीचा, निशिगंधाचा नवरा. नातजावई पडला, त्यामुळं तोंडावर ‘जावईबापू’ म्हणावं लागतं, पंगतीत पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवावं लागतं आणि तो बोलायला लागला की मान हलवावी लागते. मान हलवून हलवून माझं मानेचं दुखणं गेलं, एवढा एकच फायदा आजवर त्याच्या कंपनीनं कुणाला दिला.

सुजितराव मूळचे बार्शीचे. वडिलांचं, रोहिदासरावांचं, तिथं पेठेत किराणा दुकान. लग्नाची बोलणी करायला रोहिदासराव एकटेच एसटीनं आले. टेकले, तांब्याभर पाणी प्यायले आणि पहिलंच वाक्य बोलले, “दोन दिवस दुकान वाढवून आलोय. होय-नाही काय ते आजच सांगा.” मला माणूस पटला. मी म्हटलं, असल्या बापाच्या गल्ल्यापाशी बसून मोठं झालेलं पोरगं व्यवहाराला पक्कं असणार. बी बघून पीक सांगायला गेलो. बी चांगलंच होतं हो, पण वर काय उगवलं ते ऐका.

लग्नाला वर्ष झालं नाही तोवर त्यानं हिंजवडीची नोकरी सोडली. कुणी काढलं नव्हतं, स्वतः सोडली. मला म्हणाला, “आबा, लोकांसाठी काम करून कंटाळलो. मला काहीतरी बिल्ड करायचंय.” मी खूश. तळवड्यात बिल्डर होणं म्हणजे काय असतं, ते इथं गुंठाभर जमीन विकलेल्या कुणालाही विचारा. मी त्याच दिवशी वरची खोली साफ करून दिली, भाडंबिडं नको म्हटलं. आठवडा गेला तरी सिमेंटचं एक पोतं आलं नाही. आली ती भुसा भरलेली बसायची पोती. त्यांवर बुद्धरत्न नावाचा लातूरकडचा एक चांगला पोरगा आणि आणखी दोघं-तिघं दिवसभर कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रुतून बसायचे. उठताना एकानं दुसऱ्याला हात द्यायचा. हीच कंपनी.

सकाळी सगळे गोल करून उभे राहायचे. मला वाटलं प्रार्थना. मी खालून हात जोडले. नंतर कळलं की काल काय केलं आणि आज काय करणार, हे एकमेकांना उभ्यानं सांगायचं असतं. एका खोलीत दिवसभर मांडीला मांडी लावून बसायचं आणि काल काय केलं ते सकाळी सांगायचं!

आधी त्यांनी चाकणच्या कांद्याच्या ट्रकांचं काहीतरी केलं. ते बंद पडलं. मग सोसायट्यांच्या पाण्याच्या टँकरचं केलं. तेही पडलं. प्रत्येक वेळी जावईबापू जिना उतरून यायचे आणि सांगायचे, “आबा, आम्ही पिव्होट केलंय. म्हणजे दिशा बदललीय.” आमच्या गावात त्याला तोंडावर पडणं म्हणतात. पण शब्द इंग्रजी असला की नाकाला खरचटत नाही.

तिसऱ्या खेपेला दारावर पाटी लागली, ‘कळलंय’. आमच्या घरी कामाला असलेल्या तानुबाईनं चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, “कुनाला?”

जावईबापूंनी तिलाही समजावून सांगितलं. साध्या दुकानदाराला आपल्या धंद्याचं काही कळत नाही म्हणे. मोठ्या कंपन्यांकडे हिशेबनीस असतात, तक्ते असतात. गरिबाकडे काय? तर त्यानं रोज संध्याकाळी फोनवर चार वाक्यं बोलायची. आज काय झालं, गिऱ्हाईक आलं का, माल गेला का. ते बोलणं यंत्र ऐकणार आणि चित्र काढणार. धंदा वाढत असला तर हिरवा खांब, बसत असला तर लाल खांब. आकडेमोड नको, इंग्रजी नको, काही नको.

“आणि बिलं?” मी विचारलं. “इक्री किती झाली ते बिलावर असतंय न्हवं?”

“ते पुढच्या व्हर्जनमध्ये, आबा. आधी बोलणं, मग बिलं.”

आमच्या गावात रंगराव म्हणून एक होता. त्यानं कुठल्याशा जत्रेतून पत्र्याचा कोंबडा आणून घराच्या आढ्यावर बसवला. वारा आला की कोंबडा फिरायचा. रंगराव अंगणात उभा राहायचा, धोतर वाऱ्यानं फडफडायचं, टोपी उडून गोठ्यात जायची, आणि हा कपाळावर हात धरून वर कोंबड्याकडे बघून सांगायचा, “वारं पश्चिमेचं हाय!” पुढं कोंबडा गंजला आणि पूर्वेकडं तोंड करून अडकला. मग भर आषाढात रंगराव ओला होऊन सांगायचा, वारं पूर्वेचं हाय. मेला बिचारा. जावईबापू बोलायला लागले की मला त्याची फार आठवण येते.

आता कादरभाईंचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

कादरभाई आणि मी पिंपरीच्या एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला होतो. त्यांनी लवकर नोकरी सोडून चाकणला दुचाकी-रिक्षाच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. नशीब चांगलं आणि माणूस त्याहून चांगला. पुढं आणखी दोन दुकानं झाली. मोशीचं दुकान प्रितम नावाचा पगारी माणूस बघतो आणि आमच्या तळवड्याचं कामरान बघतो. कामरान हा कादरभाईंच्या बहिणीचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, मामानं वाढवला, दुकानावर बसवला. ते दुकान बरोब्बर आमच्या घरासमोर. सकाळी मी दात घासत ओट्यावर येतो तेव्हा त्याचं शटर वर गेलेलं असतं, आणि रात्री जेवून अंथरूण टाकतो तेव्हा हा कुणातरी रिक्षावाल्याला ब्रेकची केबल देत असतो.

यंदा कादरभाईंचे गुडघे बसले. तीन दुकानांकडं फिरणं होईना. चाकणचं ठेवायचं आणि बाकीच्या दोनपैकी एक काढून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. कुठलं, ते मात्र ठरेना. आमच्या ओट्यावर चहा पिताना हेच बोलत बसले होते.

मी म्हटलं, “त्यात काय ठरवायचं? कामरान डोळ्यापुढं हाय माझ्या. पोरगं राबतंय.”

“दत्तोबा, तू त्याच्या दुकानासमोर बसून त्याचाच चहा पितोस,” कादरभाई म्हणाले. “तुझी साक्ष कोण धरणार? आणि माझा तो भाचा. त्याचं दुकान ठेवलं तर प्रितम म्हणेल, म्हाताऱ्यानं घरचं माणूस बघितलं. मला कुणाचा तळतळाट नको यार. तिसऱ्या कुणीतरी सांगावं.”

तिसरा जिन्यात उभाच होता.

“काका,” जावईबापू म्हणाले, “डेटा सांगेल. डेटाला मामा नसतो, भाचा नसतो.”

कादरभाईंसारखा पिकला माणूस या एका वाक्याला भुलला. दिसायला ते वाक्य चांगलंच आहे. दोन्ही दुकानांनी दोन महिने संध्याकाळी यंत्राशी बोलायचं ठरलं. चित्र येईल त्याप्रमाणे एका दुकानाला कुलूप. आणि कादरभाई सुटे भागवाल्यांच्या संघाचे जुने अध्यक्ष, त्यामुळं त्यांना पटलं तर संघातली सगळी दुकानं ‘कळलंय’ घेणार. जावईबापूंच्या दृष्टीनं ही शेवटची गाडी होती. निशिगंधा चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दोघं राहतात कासारवाडीला, आणि ही पहाटे कंपनीच्या बसला उभी राहते तेव्हा हा घोरत असतो. तिनं त्याला स्वच्छ सांगून टाकलं होतं, “दिवाळीपर्यंत. मग मी सांगेन तिथं नोकरी.” पोरगी माझ्यावर गेली आहे.

कामराननं हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला. “आबा, ते मशिन माणसाचं बोलणं ऐकून ठरवतं म्हणे. मला तर बोलता येत नाही नीट.”

“जे झालं ते सांगायचं. त्यात काय आलंय?”

“मामूनं दुकान काढलं तर मी चाकणला पण जाईन, हमाली पण करीन. पण माझी गिऱ्हाइकं इथं आहेत ना. रिक्षावाले येतात, कामरान कुठं गेला म्हणून विचारतील.” असं म्हणून गेला उठून. दुकान उघडं होतं ना.

दोन महिने गेले. वरच्या खोलीत पोरं पोत्यांत रुतून होती. मी एकदा विचारलं, “जावईबापू, काय म्हंत्यात आपले दुकानदार?”

“मस्त चाललंय आबा. रोज येतात व्हॉइस.”

“तुमी ऐकता का?”

त्यानं माझ्याकडं अशी दया करून बघितलं, की जणू मी विहिरीवर मोट जोडायला सांगत होतो. “आबा, मी कशाला ऐकू? मशिन ऐकतं. तोच तर पॉइंट आहे.”

गुरुवार उजाडला. गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी, म्हणून निशिगंधाही आली होती. वरच्या खोलीत भिंतीला पांढरा पडदा. कादरभाई खुर्चीवर, पोत्यात बसले असते तर क्रेन लागली असती. त्यांच्यासोबत संघातले पाच-सहा दुकानदार. प्रितम सेंट मारून आला होता. कामरान दाराशी उभा, चपला घालूनच, लगेच जायचं असल्यासारखा.

जावईबापूंनी सुरुवात केली. आधी आत्तापर्यंतची प्रगती. त्यात कांदे आणि टँकर यांना ‘शिकण्याचा टप्पा’ असं नाव होतं. मग पुढचे बेत. यंदा चाकण, पुढच्या वर्षी रांजणगाव, मग गुजरात, आणि त्यापुढं पडद्यावर आफ्रिकेचा नकाशा आला. केनियातल्या दुकानदारालाही म्हणे आपला धंदा कळत नाही. संघातला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, “भावा, आमची आधी भोसरी तर येऊ दे.” तानुबाई चहा घेऊन आली होती, तिनं आफ्रिका बघितली आणि ट्रे तिथंच ठेवून खाली बसली. तिला बघायचं होतं.

मग आले खांब. मोशीचा खांब हिरवागार. दर आठवड्याला वर, आणखी वर, पडद्याच्या बाहेर जातो की काय असा. आणि तळवड्याचा लाल. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत लाल, बुटका, मार खाल्लेल्या पोरासारखा.

“मोशी सलग ग्रोथ,” जावईबापू म्हणाले. “तळवडे सलग नकारात्मक. काका, निर्णय अगदी सोपा आहे.”

प्रितमलाच आधी नवल वाटलेलं मी बघितलं. नंतर त्यानं छाती काढली. कामराननं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, मामाजवळ गेला आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. “मामू, संध्याकाळपर्यंत माल मोजून देतो.” कादरभाईंनी किल्ल्यांकडं बघितलं नाही. पडद्याकडंच बघत राहिले. शब्द दिला होता म्हाताऱ्यानं.

इथं जावईबापू गप्प बसले असते तर कामरानचं दुकान गेलं होतं. पण गप्प बसणं त्यांच्या कुठल्याच व्हर्जनमध्ये नाही. त्यांना वाटलं, यंत्राची हुशारी पुरती दिसली नाही. म्हणाले, “तुमच्याच माणसांच्या तोंडून ऐका. आवाज आला की खांब कसा हलतो ते बघा.” आणि लावला की मोशीचा आवाज.

प्रितमचा आवाज खोलीत घुमला. “काका नमस्कार. आज पाहुणे आले होते, म्हणून साडेपाचलाच दुकान वाढवलं.”

हिरवा खांब बोटभर वर सरकला.

“बघितलंत?” जावईबापू म्हणाले.

कादरभाई खुर्चीत पुढं सरकले. “बेटा, परत लाव.”

त्यानं पुढचा लावला. “काका, आज मॅच होती, दुपारीच दुकान वाढवलं.” खांब आणखी वर. पुढचा. “अंगात कणकण होती, आज लवकर वाढवलं.” वर. “आज गिऱ्हाईक फिरकलंच नाही, मग दुकान वाढवून घरी आलो.” या वेळी खांब थोडा घुटमळला आणि मग वरच गेला.

“आता तळवड्याचा,” कादरभाई म्हणाले.

कामरानचा आवाज, दमलेला. “मामू, साडेनऊला बंद केलं. त्याच्या आधी बंद करताच येत नव्हतं, गिऱ्हाईक हटत नव्हतं.” लाल खांब धपकन खाली. एका दमात दोनदा बंद आणि दोनदा नव्हतं, यंत्रानं त्याला चार रट्टे घातले.

संघातला एक टकला दुकानदार आधी खोकल्यासारखा हसला. मग शेजारचा. मग सगळी खोली. एक जण पोत्यात उलटा पडला, त्याला वर काढायला कुणाच्या हातात जोर उरला नव्हता. कादरभाई डोळे पुसत होते. प्रितम आपल्या चपला शोधत होता. जावईबापू मात्र मध्ये उभे, हातात रिमोट, चेहऱ्यावर कोरी पाटी. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.

मला राहवेना. मी म्हटलं, “जावईबापू, एक इचारू? बार्शीला तुमचे वडील संध्याकाळी दुकानाचं काय करत्यात?”

“काय करतात म्हणजे? आठला दुकान वाढव...”

आणि थांबले.

माणसाच्या तोंडाचा रंग जाताना मी पुष्कळदा बघितला आहे, पण शब्दाच्या मध्येच गेलेला पहिल्यांदा बघितला. लहानपणापासून रोज संध्याकाळी हे वाक्य त्याच्या कानावर पडलेलं. ‘बंद’ म्हणू नये, अशुभ असतं, हे बापानं गल्ल्यापाशीच शिकवलेलं असणार. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. आणि याच्या यंत्रानं मोशीच्या धंद्याची भरभराट केली, कारण प्रितम रोज दुपारी मॅच बघायला जात होता!

“सर,” बुद्धरत्न हळूच म्हणाला, “मी मशिनला पेपरातल्या बातम्या वाचायला दिल्या होत्या. पेपरात वाढलं म्हणजे वाढलंच असतं.”

“दोन महिन्यांत तुम्ही एक तरी आवाज ऐकला होता का?” निशिगंधानं नवऱ्याला विचारलं. जावईबापूंनी रिमोट खाली ठेवला. त्याच्या बसायच्या जागेमागं खिडकी आहे, आणि खिडकीतून सरळ कामरानचं दुकान दिसतं. दोन महिने त्यानं त्या खिडकीला पाठ लावून कामरानचा लाल खांब बघितला. रंगरावाची निदान टोपी तरी उडायची.

कादरभाईंनी किल्ल्यांचा जुडगा उचलला, भाच्याच्या हातात ठेवला आणि वरून त्याच्या पाठीत एक रट्टा दिला. “इथं कशाला उभा राहिला गधड्या? दुकानावर कोण आहे?” कामरान जिना उतरला नाही, पडलाच म्हणा खाली. मोशीचा माल तळवड्याला आणायचा आणि प्रितमनं चाकणला मालकाच्या समोर बसायचं, असं ठरलं. प्रितम म्हणाला, “काका, मी खरंच सांगत होतो ना, वाढवलं म्हणून?” खरंच सांगत होता.

जाताना कादरभाई जावईबापूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बेटा, तुझं मशिन वाईट नाही. त्याच्यामुळं हा रोज काय करतो ते माझ्या कानावर तरी आलं. फक्त चित्र काढू नको देऊस त्याला.” चित्र सोडून त्या यंत्रात दुसरं काही नव्हतंच, हे कादरभाईंना माहीत नव्हतं. संघातल्या एकानंही ‘कळलंय’ घेतलं नाही. चहा मात्र सगळ्यांनी दोनदा घेतला.

संध्याकाळी पोरं गेली. वरून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. जावईबापूंनी बापाला फोन लावला होता. फोन स्पीकरवर होता, मी काही कान लावला नव्हता. रोहिदासराव तिकडून म्हणत होते, “आवाज का असा? जेवलास का? थांब, गिऱ्हाईक आहे. दुकान वाढवतो आणि बोलतो निवांत.”

वर दिवा मालवल्याचा खटका वाजला.

मग जावईबापू खाली आले. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आबा, वाढवलं.”

आजवर हा माणूस ‘ऑफिस क्लोज केलं’ म्हणायचा. मी निशिगंधाकडं बघितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “नक्की कुठलं वाढवलं? दिवाळी अजून आहे म्हटलं.”

“उद्या उघडायचंय,” तो म्हणाला.

झालं! म्हणजे इतकं होऊन गडी जायचा नाही. सकाळी माझे दात घासून व्हायच्या आत वर गोल उभा. आता नवीन बेत निघाला आहे. यंत्राच्या आधी सगळ्यांनी मिळून तासभर दुकानदारांचे आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचे. चार इंजिनिअर डोळे मिटून बसतात आणि ऐकतात. हे काम आमच्या ओट्यावर तानुबाई फुकट करते, वर गाव तिला चहाडखोर म्हणतं.

आणि बेताचं अजून काही ठरत नाही तोवर रोज साडेनऊला समोरचं शटर खाली येतं. कामरान रस्त्याच्या मध्ये उभा राहतो, दोन्ही हातांचा तोंडाशी कर्णा करतो आणि वरच्या खिडकीकडं बघून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडतो, “सुजितभाऊ, वाढवलं हां! हिरवं करा!”

वरून खिडकी उघडते. “ऐकलं रे,” जावईबापू म्हणतात.

चला. दोन वर्षांत एवढं तरी शिकले.